दुर्बीण आणि माळावरचा काळवीट



औराद तालुका हा बिदर जिल्ह्याच्या उत्तरेचा, महाराष्ट्राच्या सीमेला भिडलेला मुलूख होय. पलीकडे उदगीर आणि देगलूर, दक्षिणेस मांजरा नदीचे खोरे. घनदाट अरण्य म्हणावे असे येथे काही नाही. उघडा माळ, तुरीची आणि ज्वारीची शेते, मधूनमधून बाभळी. परंतु याच उघड्या मुलखात काळविटांचे कळप अद्याप नांदत आहेत. त्यांच्याकडे पाहावे कसे, आणि त्यासाठी दुर्बीण कशी असावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

दुर्बीण ही अरण्यात जाणाऱ्याची वस्तू, असा आपला समज असतो. वस्तुतः तिची खरी गरज माळावर असते. अरण्यात पाहणाऱ्याला झाडाचा आडोसा मिळतो. माळावर तो मिळत नाही. काळवीट उघड्यावर राहतो तो अशासाठीच, की शत्रू दुरून दिसावा आणि मग आपल्या वेगाच्या बळावर निसटावे. आपण त्याला पाहण्यापूर्वीच बहुधा त्याने आपल्याला पाहिलेले असते. अशा प्राण्याच्या जवळ जाऊन त्याला पाहता येत नाही. दूर राहूनच पाहावे लागते.

ही दुर्बीण प्रथम शिकाऱ्याच्या गळ्यात होती, हे विसरून चालणार नाही. कळपातला नर कोणता, शिंगे किती लांब, हे दुरून ताडण्यासाठी तो ती वापरी. त्याही आधीची शिकार शिकवलेल्या चित्त्यांची. मोगलांच्या काळी तिचे मोठे प्रस्थ होते. कोल्हापूरसारख्या संस्थानात ती विसाव्या शतकापर्यंत चालली. देशी चित्ते दुर्मिळ झाल्यामुळे त्यासाठी आफ्रिकेतून चित्ते आणवले जात. 1952 मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. 2022 मध्ये मध्य प्रदेशातील कुनो येथे चित्ते आणून सोडले, तेही आफ्रिकेतलेच. शिकार करणारा असा गेला. ज्याची शिकार व्हायची, तो काळवीट मात्र टिकून राहिला.

बंदूक त्या काळी केवळ हौशी शिकाऱ्याच्याच हाती होती असे नाही. बिदर जिल्हा हैदराबाद संस्थानात होता, तेव्हा 1931 मध्ये डॉ. सालिम अली यांनी त्या संस्थानातील पक्ष्यांची पाहणी हाती घेतली. पक्षी नेमका ओळखायचा तर तो टिपून, त्याचे कातडे पेंढा भरून ठेवायचे, हीच त्या वेळची शास्त्रीय रीत होती. त्यात क्रौर्य नव्हते. त्या रीतीने गोळा झालेल्या ज्ञानावरच आजची पक्षिपुस्तके उभी आहेत. त्यांचे स्वतःचे भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध पुस्तक 1941 मध्ये निघाले. ते आणि एक दुर्बीण एवढ्या सामग्रीवर सामान्य माणसालाही पक्षी न मारता ओळखता येऊ लागला. मराठीत व्यंकटेश माडगूळकर यांनीही हाच प्रवास केला. तरुणपणी शिकारीसाठी रानात हिंडलेला हा लेखक पुढे निव्वळ पाहण्यासाठी रानात जाऊ लागला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातली. काळवीट त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याच्या शिकारीस तीन ते सात वर्षे कारावासाची शिक्षा आहे. तेव्हा आपल्याकडे आता दुर्बिणीचा उपयोग एकच उरला आहे, तो म्हणजे पाहणे.

आता यंत्राकडे वळू. दुर्बिणीवर दोन आकडे लिहिलेले असतात, उदाहरणार्थ 8 × 42. पहिला आकडा सांगतो की वस्तू आठपट जवळ दिसेल. 800 मीटरवरचा काळवीट जणू 100 मीटरवर उभा असावा तसा दिसतो. दुसरा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. येथे ती सव्वापाच मिलिमीटर येते. पहाटे आणि तिन्हीसांजेला आपली बाहुली विस्फारते. झोत बारीक असला तर ती रिकामी राहते आणि चित्र अंधुक दिसते. काळवीट आणि कोल्हा नेमके याच वेळी हिंडतात. म्हणून खिशात मावणारी 8 × 25 ची दुर्बीण दुपारी उत्तम वाटते, पण संध्याकाळी दगा देते.

पुष्कळांना वाटते, पहिला आकडा जितका मोठा तितकी दुर्बीण चांगली. तसे नाही. चित्र जितके मोठे तितके हाताचे कापणेही मोठे होते, आणि दिसणारा मुलूख आक्रसतो. आठपटीच्या पुढे हातात धरून निवांत पाहणे कठीण. दहापट ही हातातल्या दुर्बिणीची बहुधा शेवटची पायरी समजावी. जत्रेत पन्नासपटीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या दुर्बिणींवरील आकडा हा केवळ रंगाने काढलेला असतो.

मग चांगली दुर्बीण महाग का? उत्तर तिच्या आत आहे. नुसत्या भिंगांतून चित्र उलटे दिसते. ते सुलटे करण्यासाठी आत काचेचे लोलक बसवावे लागतात. ही युक्ती इग्नाझिओ पोरो या इटालियन गृहस्थाने 1854 मध्ये काढली. पण पुरेशी निर्दोष काच मिळून ती बाजारात यायला 1894 साल उजाडले. जर्मनीतील झाइस कारखान्याने अर्न्स्ट आबे यांच्या देखरेखीखाली ती सिद्ध केली. पुढे एक अडचण उरली. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. असे दहा पृष्ठभाग ओलांडताना एक तृतीयांश प्रकाश वाया जातो. 1935 मध्ये त्याच कारखान्यातील अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिसूक्ष्म लेप देऊन ही गळती रोखली. आजच्या उंची दुर्बिणीत असे अनेक लेप एकावर एक असतात. त्या लेपांना आणि दोन नळ्या अगदी समांतर बसवण्याच्या कारागिरीलाच आपण पैसे मोजत असतो.

विकत घेताना दोन गोष्टी पाहाव्या. दुर्बीण डोळ्यांपासून हातभर लांब धरून उजेडाकडे करावी. मागच्या काचेत प्रकाशाचे दोन स्वच्छ वाटोळे ठिपके दिसले पाहिजेत. कडा कापल्यासारख्या दिसल्या तर लोलक हलक्या प्रतीचे समजावे. मग दूरच्या विजेच्या तारेकडे पाहावे. तारेला जांभळी किनार दिसली किंवा पाच मिनिटांत कपाळ दुखू लागले, तर ती परत करावी. मात्र सूर्याकडे दुर्बीण चुकूनही रोखू नये. डोळा कायमचा जातो. मुलांच्या हाती देताना हे पहिल्यांदा सांगावे.

वापरण्याची रीत सोपी आहे. प्रथम उजवा डोळा मिटून मधले चाक फिरवावे आणि डाव्या डोळ्याने चित्र स्पष्ट करावे. मग डावा मिटून उजव्या बाजूचे कडे फिरवावे. एकदा असे केले की पुढे मधले चाक पुरे होते. प्राणी दिसला की नजर त्याच्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांशी आणावी. खाली पाहून दुर्बीण शोधू गेलात की प्राणी हरवला. भिंगावरची धूळ आधी फुंकून उडवावी, धोतराच्या सोग्याने पुसू नये. पावसाळ्यात दुर्बीण कोरड्या डब्यात ठेवावी, नाहीतर आत बुरशी धरते.

एवढे साधले म्हणजे माळ निराळाच दिसू लागतो. काळ्या पाठीचा नर मान वर करून, शिंगे पाठीवर टेकवून माद्यांपुढे चालतो. डोळ्याखालची ग्रंथी गवताच्या काडीवर घासून आपली हद्द आखतो. हिवाळ्यात दूरदेशीहून आलेला भोवत्या ससाणा गवतावरून तरंगत जातो. नुसत्या डोळ्यांना यातले जवळजवळ काहीच दिसत नाही.

येथेच खरा मुद्दा येतो. कळपाने माना वर केल्या आणि त्या खाली जाईनात, की समजावे, आपण फार जवळ आलो. कळप उड्या घेत पळाला, की आपण नुकसान केले. हरिणी आपले कोवळे पाडस गवतात दडवून दूर चरते आणि पाजायला परत येते. आपण तेथे घुटमळलो तर ती येत नाही. आपल्या मागून कुत्री मात्र येतात. एकटे पडलेले पोरके पाडस म्हणून घरी उचलून आणणारी दयाळू माणसे आईपासून तिचे मूल तोडत असतात. हातातल्या मोबाइलवर छायाचित्र घेण्यासाठी प्राण्याच्या जवळ जावे लागते. दुर्बीण मात्र आपल्याला जागच्या जागी थांबवते. चांगल्या दुर्बिणीची किंमत मी या थांबण्यात मोजतो.

शेतकऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. कोवळ्या पिकात कळप शिरला तर त्याचे वर्ष बुडते. दुरून पाहणाऱ्याला हे प्राणी सुंदर वाटतात, पण त्यांच्या चाऱ्याचा खर्च तो शेतकरी भरत असतो. त्याला नुकसानभरपाई वेळेवर मिळाली पाहिजे, याविषयी दुमत नसावे. तथापि त्यालाही दुर्बिणीचा उपयोग आहे. रानडुक्कर रात्री नासधूस करते, काळवीट मुख्यतः दिवसा चरतो. दोघांचा बंदोबस्त वेगळा आहे. रात्रीच्या चोराचा राग दिवसा दिसणाऱ्यावर निघू नये, यासाठी नीट पाहणे हाच उपाय आहे.

सोलापूर जिल्ह्यात नान्नजच्या माळावर 1979 मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले. आज तेथे तो पक्षी क्वचितच दृष्टीस पडतो. तोही उघड्या माळाचाच रहिवासी. माळ म्हणजे पडीक जमीन, ही आपली समजूत त्याला भोवली. आपल्या तालुक्यातल्या काळविटांवर ती पाळी येऊ नये. प्रत्येक शाळेने एक चांगली दुर्बीण घ्यावी. मुलांनी हिवाळ्यातल्या एका सकाळी बांधावर बसून कळप मोजावा. नर किती, माद्या किती, पाडसे किती, ते वहीत तारखेसह लिहावे. दहा वर्षे अशी वही भरली तर काळवीट वाढतात की घटतात, हे सांगण्यास बाहेरच्या पंडिताची गरज उरणार नाही.