पट्टी आणि पुडी
(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी संगीतावर चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. ज्या झाशीत गंगाधररावांनी नाटकाचा षोक जोपासला आणि जिच्या शेजारी, दतियाच्या दरबारात, कुदऊसिंहांचा पखवाज घुमला, तेथे हा विषय परका नाही.

मला बोलावयाचे आहे ते पट्ट्यांचे वाद्य आणि तालवाद्य यांच्या सहवासाविषयी. बेला बार्टोक या हंगेरियन संगीतकाराने १९३७ साली दोन पियानो आणि तालवाद्ये यांसाठी एक रचना केली. १६ जानेवारी १९३८ रोजी बाझेल येथे ती प्रथम सादर झाली, तेव्हा पियानोवर स्वतः बार्टोक आणि त्यांच्या पत्नी डिट्टा होत्या. पियानोतही हातोडी तारेवर आघात करते. म्हणजे तोही एका अर्थी तालवाद्यांचाच भाऊबंद!

आपल्याकडे हा संसार थाटला तो पेटी-तबल्याने. १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या संस्थापकांत संवादिनीपटू गोविंदराव टेंबे होते; पुढे त्याच मंडळीत अहमदजान थिरकवांचा तबला वाजला. पेटीचे स्वर अचल, तिच्यातून मींड निघत नाही, असे आक्षेप होतेच. १९४० साली तिला रेडिओवर बंदी झाली आणि ती उठण्यास १९७१ साल उजाडावे लागले. तरीही पेटी आपल्या घरांतून हलली नाही.

याचे कारण साथ. पेटीचा स्वर बैठकीत बदलता येत नाही. म्हणून तबलजी गजऱ्यावर हातोडी ठोकून पुडी तिच्या स्वराला आणतो. येथे तबला पड खातो. मात्र स्वतंत्र तबलावादन सुरू झाले की पेटीवाला एकच लेहरा संयमाने फिरवीत राहतो आणि तबलजी मनसोक्त विहार करून समेवर त्याला भेटतो. येथे पेटी पड खाते. गाणारा अडखळला, तर दोघेही त्याला सांभाळून घेतात.

अलीकडे आपल्या गणेशोत्सवात मुले ध्वनिमुद्रित साथीवर गातात. दोष त्यांचा नाही. साथीदारच मिळत नाहीत. परंतु मुद्रित साथ कोणासाठी थांबत नाही. गेल्या वर्षी एक चिमुरडी ओळ विसरली. साथ पुढे निघून गेली आणि ती रडवेली होऊन व्यासपीठावरून उतरली. पेटीवर कोणी असते, तर तीच ओळ पुन्हा वाजवून त्याने तिला हाताला धरून आणले असते.

घरापासून दूर राहून आपण पन्नास वर्षे काढली, ती एकमेकांना असे सांभाळूनच. म्हणून माझी नम्र विनंती आहे, की मंडळाने आठवड्यातील एक संध्याकाळ पेटी-तबल्याच्या शिक्षणासाठी राखावी. मला येते तेवढे शिकविण्यास मी आनंदाने येईन. पुढील गणेशोत्सवात निदान एका मुलाच्या गाण्याला आपल्याच मुलांची साथ असावी, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.