मीठ आणि पाणी



कारखाना बंद पडला की त्याचे धुराडे थंड होते. त्याने पुरून ठेवलेले मात्र तसेच राहते. अमेरिकेतील मिसूरी राज्यात व्हेरोना नावाचे लहानसे गाव आहे. तेथील एका कारखान्यात 1970 ते 1972 या काळात साबणात घालावयाचे जंतुनाशक तयार होई. तळाशी उरणाऱ्या गाळात डायॉक्सिन हे जहाल विष असे. त्या टाकाऊ मालाची सुमारे 85 पिंपे काही मैलांवरील एका शेतात चर खणून पुरली गेली. पुढे कंपनी उठली. 1979 साली एका माहितगाराने सरकारी खात्याला खबर दिली, तेव्हा कुठे त्या चराचा पत्ता लागला.

माती तपासण्याची साधने पुष्कळ आहेत. पण कोणती माती तपासावी, हे माणसाची आठवणच सांगते. आपल्यापैकी कोणाला असे काही ठाऊक असेल, तर जागा, साल, पिंपे होती की गोणी, रंग आणि वास कसा होता, एवढे लिहून काढा. ते प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्या आणि पोच घ्या. स्वतः कुदळ घेऊन मात्र जाऊ नका. गंजलेले पिंप फुटले तर विष मोकळे होईल.

खाल्ल्या मिठाला जागावे म्हणून पुष्कळजण गप्प राहतात. कारखान्याचे मीठ आपण खाल्ले, हे खरे. पण गावच्या विहिरीचे पाणीही आपण प्यायलो आहोत, आणि आपली नातवंडे ते पिणार आहेत.