सागरतळीचे दप्तर

(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराप्रसंगी दोन शब्द बोलावेत अशी कार्यवाहांची आज्ञा झाली आणि ती आम्ही शिरसावंद्य मानली. आम्ही जुन्या मॅट्रिकपलीकडे शिकलेलो नाही. उभे आयुष्य खडू आणि फळा यांच्या संगतीत गेले. तेव्हा विद्वत्तेचे प्रदर्शन करण्याचा आमचा अधिकार नाही. एका ज्ञानोपासकाची हकीकत मुलांच्या कानी घालावी आणि तिच्या आधाराने वडीलधाऱ्या मंडळींपुढे एक मागणे ठेवावे, एवढाच ह्या भाषणाचा हेतू आहे.

इतिहास म्हटला की आपणांस जुनी कागदपत्रे आठवतात. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरे धुंडाळली, हे आपण जाणतोच. परंतु जेथे माणूसच नव्हता, त्या काळाचे कागद कोठे शोधावयाचे? ते सागराच्या तळाशी सापडतात. महासागराच्या पृष्ठभागाजवळ फोरॅमिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव राहतात. खसखशीच्या दाण्याहूनही लहान असे त्यांचे चुन्याचे कवच असते. जीव मेला की कवच तळाशी जाते. अशी कवचे आणि चिखल यांचा थर हजार वर्षांत अवघा काही सेंटिमीटर वाढतो. कोणी ढवळत नाही, कोणी पुसत नाही. पानावर पान चढत जाते.

हे दप्तर वाचणाऱ्यांत ज्यांचे नाव अग्रगण्य आहे, ते निकोलस शॅकल्टन १९३७ साली लंडन येथे जन्मले. वडील भूशास्त्रज्ञ होते. दक्षिण ध्रुवाकडील साहसांमुळे विख्यात झालेले अर्नेस्ट शॅकल्टन हे त्यांच्या दूरच्या नात्यातले. निकोलस यांनी मात्र बर्फाचा शोध केंब्रिजच्या प्रयोगशाळेत बसून घेतला. त्यांचे शिक्षण पदार्थविज्ञानाचे, आणि त्यांचे हत्यार म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर हे अणूंचे वजन पारखणारे यंत्र.

ह्या यंत्राने काय पारखावयाचे, ते थोडक्यात सांगतो. प्राणवायूचे अणू सारख्या वजनाचे नसतात. बहुतेक सोळा वजनाचे, तर थोडे अठरा वजनाचे असतात. सागराच्या पाण्याची वाफ होताना हलका प्राणवायू असलेले पाणी अधिक सहजतेने उडते. ती वाफ ध्रुवांकडे जाऊन हिमरूपाने पडते. ते हिम वितळून सागरास परत मिळाले तर जमाखर्च जुळतो. परंतु हिमयुगात ते जमिनीवरच साचून राहते आणि मागे उरलेल्या सागरात जड प्राणवायूचे प्रमाण वाढते. त्याच पाण्यातून कवच बनत असल्यामुळे तो हिशेब कवचात कायमचा नोंदला जातो.

चेझारे एमिलियानी ह्या इटालियन वंशाच्या शास्त्रज्ञाने १९५५ साली अशा कवचांवरून प्राचीन सागराचे तपमान काढले होते. कवच बनताना पाणी थंड असले तरीही जड प्राणवायू अधिक शोषला जातो, ही गोष्ट खरी आहे. म्हणून प्रश्न असा की, कवचातला फेर पाण्याच्या थंडीचा, की जमिनीवर साठलेल्या बर्फाचा? शॅकल्टन यांनी येथे साधी पण मार्मिक युक्ती योजली. पृष्ठभागाजवळच्या जिवांबरोबरच त्यांनी खोल तळाशी राहणाऱ्या जिवांचीही कवचे तपासली. तळाचे पाणी आजही इतके गार आहे की त्यास आणखी फारसे गार होण्यास वावच नाही. तरीही तेथील कवचांत जवळजवळ तेवढाच फेर आढळला. अर्थात मुख्य कारण बर्फच होय, असे त्यांनी १९६७ साली दाखवून दिले. तळाची कवचे फार थोडी मिळतात. म्हणून अत्यल्प नमुन्यावरही अचूक चालेल असे यंत्र सिद्ध करण्यात त्यांची वर्षे गेली. त्या परिश्रमाचे फळ असे की, सागरतळीचा गाळ हा पृथ्वीवरील बर्फाचा जमाखर्च ठरला.

पुढे १९७३ साली त्यांनी नील ऑपडाइक यांच्यासमवेत पॅसिफिक महासागराच्या विषुववृत्तीय भागातील सुमारे सोळा मीटर लांबीचा गाळाचा नमुना तपासला. पृथ्वीचे चुंबकत्व पूर्वी उलट होते. ते सुलट झाल्याची खूण त्या गाळात मिळाली आणि त्यामुळे दप्तरातील पानांवर तारखा घालता आल्या.

आता प्रश्न उरला, हिमयुगे येतात का? ह्याचे उत्तर जेम्स क्रोल नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने एकोणिसाव्या शतकातच सुचविले होते. गरिबीमुळे त्यांचे शालेय शिक्षण अल्पच झाले. ग्लासगो येथील एका महाविद्यालयाच्या संग्रहालयात ते रखवालदार होते आणि तेथील ग्रंथ वाचूनच त्यांनी खगोलगणित आत्मसात केले. त्यांच्यानंतर सर्बियाचे मिलुटिन मिलांकोविच यांनी पहिल्या महायुद्धात नजरकैद सोसतानाही बुडापेस्टमध्ये ही गणिते चालू ठेवली. पृथ्वीच्या कक्षेचा आकार थोडा बदलतो, अक्षाचा कल बदलतो आणि अक्ष भोवऱ्यासारखा डोलतो. हा तिसरा प्रकार पंचांग पाहणाऱ्यांस नवा नाही. आकाशातील उत्तरायण डिसेंबरच्या २१-२२ तारखेस लागते आणि आपण मकरसंक्रांत जानेवारीच्या १४-१५ तारखेस करतो, हे अंतर ज्या संपातचलनाने पडले, तेच हे डोलणे होय. ह्या तिन्ही कारणांनी उत्तरेकडील उन्हाळ्याचे ऊन कमीजास्त होते. उन्हाळा मंद झाला की हिवाळ्यातले हिम वितळत नाही, साचत जाते, आणि हिमयुग येते.

मिलांकोविच १९५८ साली वारले, तेव्हा त्यांच्या गणितावर बहुतेकांचा विश्वास नव्हता. पुरावा मिळाला तो आपल्याच हिंदी महासागरातून! त्याच्या दक्षिण भागातील दोन नमुन्यांवरून शॅकल्टन, जेम्स हेज आणि जॉन इम्ब्री ह्या त्रयीने साडेचार लाख वर्षांची आवर्तने मोजली. ती सुमारे १ लाख, ४२ हजार, २३ हजार आणि १९ हजार वर्षांची निघाली. कल आणि डोलणे यांची गणिते अशीच होती. त्यांचा निबंध १० डिसेंबर १९७६ रोजी प्रसिद्ध झाला आणि जुना वाद बव्हंशी मिटला.

त्यांच्या चिकाटीचे आणखी एक उदाहरण सांगतो. चुंबकत्व उलटल्याचा काळ ७ लाख ३० हजार वर्षांपूर्वीचा, असे खडकांवरून ठरलेले होते. शॅकल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली कक्षेच्या गणितावरून सांगितले की तो ७ लाख ८० हजारांच्या आसपास असला पाहिजे. पुढे खडकांच्या नव्या, अधिक अचूक मापनाने त्यांच्याच बाजूने कौल दिला.

१९९५ साली त्यांस क्राफोर्ड पारितोषिक मिळाले, १९९८ साली ‘सर’ ही पदवी मिळाली. जानेवारी २००६ मध्ये ते निवर्तले. क्लॅरिनेट ह्या वाद्याचे ते निस्सीम भक्त होते. त्यांनी जमविलेली शेकडो वाद्ये एडिनबर्ग विद्यापीठास मिळाली.

कोणी म्हणेल, लाखो वर्षांपूर्वीच्या बर्फाशी आपणांस काय कर्तव्य? सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात असताना सागराची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. बर्फ आणि सागर यांचे नाते असे आहे. आज हवेतील कर्बवायूचे प्रमाण दशलक्षांत ४२० भागांच्या वर गेले आहे. गेल्या आठ लाख वर्षांत ते कधीही ३०० भागांच्या फारसे वर गेले नव्हते, हे ध्रुवप्रदेशीय बर्फातील हवेवरून कळते. आपल्यापैकी अनेकांची कुळघरे, नारळी-पोफळीच्या बागा आणि खाजणे किनाऱ्यालगत आहेत. पाणी किती चढेल, हे सांगावयास जुनी वही वाचणारेच पाहिजेत.

आणि हे कार्य परदेशातच चालते असे नव्हे. १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात दोनापावल येथे आहे. २०१५ साली तर एका आंतरराष्ट्रीय मोहिमेने आपल्या अरबी समुद्राचा तळ वेधून गाळाचे नमुने काढले आणि त्यांचे जहाज मुंबई बंदरास लागले.

आता मागणे. आपल्या शिक्षणनिधीतून वैद्यक, अभियांत्रिकी आणि अलीकडे संगणक ह्या शाखांसच साहाय्य मिळते. यंदा आपल्यातील एका मुलीने भूशास्त्र घेतले आहे. तिचा अर्ज ‘उपजीविकेस अनुपयुक्त विषय’ ह्या शेऱ्यानिशी बाजूस ठेवला गेला. निधी देणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. गरिबाचे मूल लवकर मिळवते व्हावे, ही त्यांची कळकळ आम्ही जाणतो. परंतु क्रोल यांस ग्रंथालयाचे दार उघडे मिळाले नसते, मिलांकोविच यांस कैदेतही टेबल मिळाले नसते, तर शॅकल्टन यांनी कोणते गणित पडताळून पाहिले असते? ज्ञानाचे थरही सागरतळीच्या गाळाप्रमाणे सावकाश साचतात. ज्याने कण टाकला, त्यास वरचा थर दिसत नाही.

म्हणून निधीच्या नियमांत शुद्ध शास्त्रांसाठी दरवर्षी निदान एक शिष्यवृत्ती राखून ठेवावी, आणि त्या मुलीच्या अर्जाचा फेरविचार व्हावा, अशी कार्यकारी मंडळास आमची नम्र विनंती आहे. प्रारंभ म्हणून आमच्या निवृत्तिवेतनातील एका महिन्याची रक्कम आम्ही आजच कोषाध्यक्षांच्या स्वाधीन करीत आहोत.