सरांची जावा आणि तिचे दोन सायलेन्सर
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी "सरांच्या गाडीबद्दल तूच बोल" म्हणून माईक हातात दिला. मी गॅरेजवाला माणूस, गॅरेजचंच बोलणार.

सरांची गाडी 1971 ची जावा. मैसूरच्या आयडियल जावा कंपनीची, 250 सीसी, टू-स्ट्रोक. सिलिंडर एक, पण सायलेन्सर दोन. कित्येक वर्षं ती इथेच अवसरीत, गोठ्याशेजारच्या पडवीत पोत्याखाली उभी होती. भंगारवाला दोनदा बघून गेला. सर म्हणाले, "चालली तर ठेवू, नाहीतर देऊन टाकू." इंजिन दोन दिवसांत सुटलं. अडलं ते सायलेन्सरवर.

या गाडीत पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं. त्याची काजळी सायलेन्सरमध्ये बसते. जळालेला धूर बाहेर पडला नाही तर ताजं मिश्रण आत येणार कुठून? मागच्या टोकाकडून बॅफल काढले, तर त्यांची भोकं डांबरासारख्या थराने बुजलेली. ते कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर भिजवले. हे करताना सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही. हातमोजे, चष्मा हवाच आणि अॅल्युमिनियमचं भांडं अजिबात चालत नाही, सोडा ते खातो.

काजळी निघाल्यावर खरं दुखणं दिसलं. दोन्ही सायलेन्सर खालून गंजून चाळण झालेले. पेट्रोल जळताना पाण्याची वाफही तयार होते. गाडी लांब चालली तर ती बाहेर जाते. सायलेन्सर पुरता तापायच्या आत गाडी बंद केली, तर तेच पाणी तळाशी साचतं. सरांचा रोजचा प्रवास घर ते शाळा, जेमतेम दोन किलोमीटर. म्हणजे सर, हा गंज तुम्हाला आम्हीच दिला!

सरांचा नातू म्हणाला, "काका, नवीन बसवा, बॅफल काढून. आवाज जोरात येईल." त्याला समजावलं, टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग असतो. धुराचा दाब आत आपटून लाटेसारखा मागे फिरतो आणि बाहेर निसटणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलतो. ते गणित बिघडवलं की आवाज वाढतो, ओढ मात्र जाते. शिवाय 2021 च्या नियमांप्रमाणे 50 वर्षांवरची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवायची, तर ती मूळ रूपात हवी.

सरांनी जुनेच सायलेन्सर दुरुस्त करायला सांगितले. आधी जुनं क्रोम उतरवलं, कारण क्रोमवर वेल्डिंग केलं तर त्याचा धूर विषारी. मग कुजलेला पत्रा कापून त्याच जाडीचा नवा तुकडा जोडला, पोचे काढले, कानस मारली, बफिंग केलं. भोसरीला नेऊन तांबं, निकेल आणि शेवटी क्रोम असे थर चढवून आणले. सिलिंडरजवळचं गॅस्केट नवं घातलं. तिथून हवा गळली तर बाकीची सगळी मेहनत वाया.

पेठ-अवसरी घाटात गाडी चढवून बघितली. दोन्ही बाजूंनी सारखा धूर, सारखा आवाज. घरी आणली तेव्हा काकू आतूनच म्हणाल्या, "आले का?" सर माझ्या शेजारीच उभे होते.

ज्यांच्या घरी अशी गाडी आहे, त्यांनी एवढं करा. महिन्यातून एकदा तरी वीस-पंचवीस किलोमीटर चालवा. जागेवर पाच मिनिटं चालू ठेवून बंद करू नका. ऑइल कंपनीने सांगितलं तेवढंच घाला. बॅफल वर्षातून एकदा काढून बघा. धुतल्यावर क्रोम कोरडं पुसा. बेंड पाइप निळा पडू लागला तर नुसतं पॉलिश मारू नका, कार्बोरेटर आणि टायमिंग तपासून घ्या.

सरांची गाडी बाहेर चिंचेखाली उभी आहे. जेवणानंतर सर ती स्वतः किक मारून चालू करणार आहेत. सगळ्यांनी थांबावं, ही विनंती.