मे महिन्यातलं हिवरे बाजार

(भागाचं शब्दांकन. बोलण्यातली वळणं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

सुट्टी लागली, परीक्षा संपल्या, आणि घराघरात एकच प्रश्न सुरू झाला असेल, कुठे जायचं? थंड हवेची ठिकाणं फुल्ल, कोकणात गर्दी, आणि पोरं म्हणतात वॉटर पार्क. आज मी तुम्हाला एक उलटा सल्ला देणार आहे. भर मे महिन्यात, ऊन डोक्यावर असताना, नगर जिल्ह्यात जा. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेवरचं नगर काही जात नाही. तिथे जाऊन हिवरे बाजार बघा.

हो, तेच. शाळेच्या सहलीत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलंय. आदर्श गाव, बसमधून उतरा, रांगेत उभे राहा, माहिती ऐका, वहीत लिहा. मीही तसंच पाहिलं होतं. यंदा मुलांना आणि अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घेऊन गेले आणि एकदम वेगळं गाव दिसलं. गाव तेच आहे, फरक महिन्याचा आहे.

बघा ना, पावसाळ्यात महाराष्ट्रातला प्रत्येक डोंगर हिरवा असतो. ऑगस्टमध्ये कुठलंही गाव आदर्श दिसतं. मेमध्ये मात्र लपवाछपवी चालत नाही. नगर शहरातून निघालात की साधारण सोळा-सतरा किलोमीटर. वाटेत दोन्ही बाजूंना तापलेली माळरानं, बोडक्या टेकड्या. मग हिवऱ्याच्या शिवारात शिरता आणि डोंगरावर झाडी दिसायला लागते. आता कोणी म्हणेल, हिरवंगार कुठे आहे? नाहीच आहे. गवत पिवळंच असतं मेमध्ये. पण ते असतं, हा मुद्दा आहे. शेजारच्या माळावर तेवढंही नसतं.

ते का असतं? कारण तिथे चराईबंदी आहे. डोंगरावर जनावर मोकळं सोडायचं नाही. चारा हवाय तर विळा घ्या आणि कापून आणा. ऐकायला साधं वाटतं, पण शेळ्या असलेल्या माणसाला विचारा हे किती अवघड आहे ते. त्याच्याबरोबर कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान, अशी ती पंचसूत्री. पुढे त्यात भर पडली, शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, गावाबाहेरच्या माणसाला जमीन विकायची नाही.

थोडा इतिहास सांगते, पटकन. १९७२ च्या दुष्काळानंतर हे गाव खचत गेलं. दारू, भांडणं, लोक पुण्या-मुंबईला मजुरीला. सरकारी कर्मचाऱ्याला इथली बदली म्हणजे शिक्षा वाटायची. १९८९ मध्ये एम.कॉम. झालेले तरुण पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले. नव्वदच्या दशकात आदर्श गाव योजना आली आणि डोंगरावर सलग समतल चर खणले गेले, खाली नाल्यांवर बांध, पाझर तलाव. १९९५ मध्ये गावातल्या १८२ कुटुंबांपैकी १६८ दारिद्र्यरेषेखाली होती. नंतर ही संख्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली, आणि शहरात गेलेली अनेक कुटुंबं परत आली. २००७ चा राष्ट्रीय जल पुरस्कार, २०२० ची पद्मश्री वगैरे तुम्हाला माहीतच असेल.

पर्यटनस्थळाचं नूतनीकरण म्हटलं की आपल्याकडे काय होतं? पेव्हर ब्लॉक, तिकीट खिडकी, आणि 'आय लव्ह अमुक-तमुक' असली मोठी अक्षरं. इथे दुरुस्ती डोंगरमाथ्यापासून सुरू झाली आणि उतरत उतरत गावात आली. घरांचा गुलाबी रंग, स्वच्छ रस्ते, हे सगळ्यात शेवटचं. आपण फोटो मात्र त्याचेच काढतो.

माझी मुलं पहिल्या अर्ध्या तासात कंटाळली, खोटं कशाला सांगू. 'आई, यात बघायचं काय आहे?' बरोबर आहे त्यांचं. चर म्हणजे जमिनीतला खड्डा. धाकट्याने तर विचारलं, इथे राइड्स नाहीत का.

मग पाण्याच्या ताळेबंदाचा विषय निघाला. २००४ पासून हे गाव दरवर्षी पाण्याचा हिशोब मांडतं. पाऊस किती पडला, त्यातलं वाफ होऊन किती गेलं, वाहून किती गेलं, मातीत ओल किती, विहिरींना किती. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं, मग उरलेल्यात कुठलं पीक घ्यायचं ते ग्रामसभेत ठरवायचं. पाऊस कमी झाला तर रब्बीला हात आखडता.

मोठीची नुकतीच सातवी झालीय. तिला म्हटलं, गणित कर. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी किती? तिने फोनवर केलं, दहा हजार लिटर. बरोबर दहा हजार. अप्पा तोवर लिंबाच्या सावलीत गप्प बसले होते. ते एकदम म्हणाले, 'म्हणजे एक टँकर की.'

आमच्या गावाला दर उन्हाळ्यात टँकर येतो, दहा हजारांचाच. तेव्हा हे माप अप्पांच्या घरातलं. हिवरे बाजारचं क्षेत्र साधारण ९७६ हेक्टर. म्हणजे एक मिलिमीटर पाऊस हा ९७६ टँकर. इथे वर्षाला सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. नात गुणाकार करत होती आणि आजोबा आकडा ऐकून मान हलवत होते. तीन लाख नव्वद हजार टँकर! सगळं हाताशी येत नाही, बरंचसं उडून जातं, वाहून जातं, कबूल. पण दुष्काळी म्हणून ज्याला आपण हिणवतो त्या मुलखावर आभाळातून एवढं पडतं, हे अप्पांनी सत्तरी ओलांडल्यावर पहिल्यांदा टँकरच्या मापात ऐकलं.

अप्पांनी बहात्तरचा दुष्काळ अंगावर काढलाय. खडी फोडायला जायचे, वाटपाची सुकडी खायचे, मिलोच्या लाल भाकरीची चव अजून सांगतात. इथे यायला ते तयारच नव्हते. 'गावातून गावच बघायला कशाला जायचं?' असं त्यांचं म्हणणं. आणि आता नातीला विचारत होते, 'आपल्या शिवाराचं क्षेत्र किती असेल गं?'

हा प्रश्न काही गंमतीचा नव्हता. माझा चुलतभाऊ यंदा नवं बोअर घ्यायच्या बेतात आहे. आधीची दोन कोरडी गेली. कर्ज काढणार आहे त्यासाठी. अप्पांनी तिथूनच त्याला फोन लावला. म्हणाले, 'अरे थांब जरा, महिनाभर थांब.' तो काय म्हणाला ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण अप्पांचा आवाज वाढला, एवढं सांगते. थांब म्हणणं सोपं असतं. शेजारच्याने बोअर घेतलं आणि आपण थांबलो तर आपल्या विहिरीचं पाणी त्याच्याकडे जातं, हे त्या पोराला नीट कळतं. हिवऱ्यात बंदी सगळ्यांना आहे म्हणून ती टिकते. एकट्याने पाळायची बंदी म्हणजे नुसतं नुकसान.

म्हणून 'प्रत्येक गाव हिवरे बाजार का होत नाही' असं शहरात बसून विचारणाऱ्यांवर मला जरा राग येतो. गाव लहान, तिन्ही बाजूंनी डोंगर, म्हणजे पडलेलं पाणी बरंचसं शिवारातच उतरतं. एकच नेतृत्व तीसेक वर्षं. इतक्या वर्षांनी २०२१ मध्ये ग्रामपंचायतीसाठी प्रत्यक्ष मतदान झालं आणि पवारांचंच पॅनल निवडून आलं. मला विचाराल तर मतदान झालं हेही बरंच झालं. सगळं एकमताने चालतं असं म्हटलं की मला थोडी धाकधूक वाटते, माझा स्वभाव. गावात एक मशीदही आहे, एकाच मुस्लिम कुटुंबासाठी गावाने बांधलेली. ती बघून या.

आणि एक लक्षात ठेवा, हे लोकांचं राहतं गाव आहे. ओट्यावर बसलेल्या आजींचे न विचारता फोटो काढायचे नाहीत. ग्रामपंचायतीत आधी कळवून गेलात तर कोणीतरी शिवार दाखवायला मिळतं. पाण्याच्या बाटल्या घरून न्या, रिकाम्या परत आणा. सकाळी आठच्या आत पोचा, अकरानंतर डोंगराकडे जायचं नाव काढू नका.

दुपारी नगरात या. मुलांसाठी कॅव्हलरी टँक म्युझियम. १९९४ मध्ये सुरू झालेलं, रणगाड्यांचं असं संग्रहालय आपल्याकडे क्वचितच. जुनी रोल्स रॉइस चिलखती गाडी आहे, धाकट्याची सगळी तक्रार तिथे मिटली. पण रणगाडे उघड्यावर आहेत, हात लावाल तर भाजेल. भुईकोट किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात नेहरू, पटेल, आझाद कैदेत होते, 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तिथेच लिहिलं गेलं. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, तेव्हा ओळखपत्र जवळ ठेवा. संध्याकाळी चांदबिबी महाल. नाव चांदबिबीचं, कबर मात्र निजामशाहीतल्या सलाबतखानाची. तिन्ही मजले अष्टकोनी, वर वारा भन्नाट.

तिथून खाली नगरचं पठार दिसतं, उन्हाने पार पांढरं पडलेलं. अप्पा बोट दाखवून मुलांना सांगत होते, कुठे पाणी अडवता येईल ते.

चला, आज इथेच थांबते. तुमच्या गावाचं क्षेत्र किती हेक्टर आहे ते शोधून मला जरूर कळवा, तलाठ्याकडे असतं. भेटू पुढच्या भागात.