कमी वाढ, मोठी शिल्लक



मी सॉफ्टवेअरवर बोलेन असं तुम्हाला वाटलं असेल. पण ते मी रोजच बोलते. आज मला एका दलदलीबद्दल सांगायचं आहे. मी कॅनडात ऑटावाला राहते. शहराच्या पूर्वेला मेर ब्ल्यू नावाचा मोठा पाणथळ प्रदेश आहे आणि त्यातून चालायला लाकडी फळ्यांची वाट आहे.

उत्तरेकडच्या थंड प्रदेशातल्या पाणथळ जागा वेगवेगळ्या प्रकारच्या असतात. ‘मार्श’मध्ये नदीतलावाचं पाणी खेळतं, गाळाबरोबर खतही येतं. तिथे पाणकणीस डोक्याच्या वर वाढतं. एका चौरस मीटरवर वर्षाला किलोभराहून जास्त सुका पाला तयार होऊ शकतो. ‘फेन’ला जमिनीतून झिरपलेलं, क्षार घेऊन आलेलं पाणी मिळतं. तिथे लव्हाळ्याच्या कुळातल्या वनस्पती असतात. त्यांची बरीचशी वाढ मुळांत होते, वरून पाहणाऱ्याला ती दिसतच नाही. ‘बॉग’ मात्र फक्त पाऊस आणि बर्फावर जगतो. मेर ब्ल्यूचा मधला भाग असा आहे: स्फॅग्नम नावाचं मॉस आणि गुडघाभर झुडपं. मॉसची वाढ मोजायला त्यात वाकवलेली तार खोचून ठेवतात आणि ती किती बुडाली ते पाहतात. वर्षाला काही मिलिमीटर, फार तर काही सेंटिमीटर!

म्हणजे उत्पादनात बॉग सगळ्यांत मागे. पण कार्बन साठवण्यात तो पुढे. असं का? लोणच्याची बरणी आठवा. आंबटपणा असतो, वर तेलाचा थर असल्यामुळे हवा लागत नाही, म्हणून फोडी टिकतात. स्फॅग्नम आपल्याभोवतीचं पाणी आम्लधर्मी करतं, साचलेल्या पाण्यात प्राणवायू जेमतेम असतो आणि थंडीही असते. जे थोडं उगवतं, तेही पुरतं कुजत नाही. त्याचा थर, म्हणजे पीट, वर्षाला साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी चढतो. मीटरभर थराला हजार वर्षं तरी लागतात. जगाच्या जमिनीपैकी पीटभूमी जेमतेम 3 टक्के आहे, पण सगळ्या जंगलांतल्या झाडांपेक्षा जास्त कार्बन तिच्यात आहे.

मेर ब्ल्यूमध्ये 1998 पासून एक मनोरा कार्बन डायऑक्साइडची जा-ये मोजतो आहे. बहुतेक वर्षी थोडी जमा होते. उन्हाळा कोरडा गेला की ती घटते. इतक्या बारीक जमेवर हजारो वर्षांची शिल्लक उभी आहे.

आपल्याकडे सातबाऱ्यावर ‘पोटखराब’ असा शब्द असतो. उत्तरेतही या जमिनींकडे तसंच पाहिलं गेलं. फिनलंडमध्ये निम्म्याहून अधिक पीटभूमीत चर खणून पाणी काढलं, मुख्यतः लाकडासाठी. झाडं वाढली, म्हणजे उत्पादन वाढलं. पण पाणी उतरलं की पीटमध्ये हवा शिरते, ते कुजू लागतं आणि साठलेला कार्बन हवेत जातो. बरणी उघडी पडली, असंच म्हणायचं. आता काही ठिकाणी चर बुजवून पाणी पुन्हा अडवतात. ते लवकर होतं, पण गेलेला थर परत यायला पुन्हा तितकीच शतकं लागतात.

बाई, तुम्ही आम्हाला जमिनीची सुपीकता शिकवलीत. तिथे किती उगवतं, हा प्रश्न आम्ही तुमच्याकडूनच विचारायला शिकलो. त्याला जोडून आता मी आणखी एक विचारते: तिथे किती टिकून राहतं? जमिनीला निरुपयोगी ठरवण्याआधी हे दोन्ही प्रश्न विचारले जावेत, एवढंच मला सांगायचं होतं.