गल्लीतील सायकल



रामघाटच्या गल्लीत सायकल कशी चालवावी, हा व्याख्यानाचा विषय ऐकून काहींना हसू येईल. परंतु घाटावरून ओलेत्याने, हाती गंगाजलाचा तांब्या घेऊन परतणाऱ्या वृद्धेला तो थट्टेचा वाटत नाही. विद्यार्थीदशेत, कार्तिकातील एका पहाटे, आम्ही अशाच एका आजींना वळणावर धडक दिली. घंटी वाजविली होती. पण त्या सबबीने त्यांचे मोडलेले मनगट सांधले गेले नाही. त्या मात्र “तुला लागलं नाही ना रे, बाळा?” असेच विचारीत राहिल्या.

हिशेब साधा आहे. ताशी 15 किलोमीटर वेगाने सायकल सेकंदाला चार मीटरांहून अधिक पुढे जाते. गल्लीच्या वळणावर तेवढे पुढचे दिसतच नाही. त्यात फरशी ओली, समोर बैल आडवा, आणि सांगवेद विद्यालयाकडे निघालेले बटू. पुणे सायकलींचे शहर म्हणून गाजत होते तेव्हा दिवा नसला किंवा डबलसीट दिसली की पोलीस अडवीत. येथे पोलिसाने उभे तरी कोठे राहावे? शिवाय 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत साधी सायकल बसत नाही. सरकारी नोकरीमुळे असल्या व्याख्या आमच्या ध्यानात राहतात.

तेव्हा वळणाआधी उतरावे आणि स्नानाच्या वेळी सायकल हातानेच न्यावी. पादचाऱ्यांनीही गल्लीच्या मधोमध भाजीचा भाव करीत उभे राहू नये. आता तर मोटारसायकलीही येथे शिरल्या आहेत.

त्या आजींकडे आम्ही पुढे महिनाभर गंगेचे पाणी पोहोचविले. पायी.